मसणवट्याकडची वाट



आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओचा आवाज बारीक करतील आणि सासूबाई कुठं आहेत ते बघून घेतील. विषय आहे मसणवट्याचा. स्मशान, कबरस्तान, ख्रिस्ती बांधवांची दफनभूमी, ओढ्याकाठच्या समाध्या, वेशीबाहेरचे वीरगळ, या सगळ्या जागांचा. भुताखेतांच्या गोष्टी आम्ही सांगणार नाही. या जागांमधून सावकाश फिरताना मनाला जो निवांतपणा मिळतो आणि जे काही कळतं, त्याविषयी बोलणार आहोत.

मसण हा शब्द तसा आपल्या तोंडात रोजचा. पोरानं छळलं की आपण म्हणतो, ‘मेल्या, मसणात जा.’ म्हातारी म्हणते, ‘माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या.’ शब्द रोजचा, पण ती जागा आपल्यातल्या किती जणींनी पाहिली आहे? घरातलं माणूस गेलं की आपण उंबऱ्यापर्यंत जातो, फार तर वेशीपर्यंत. पुढं पुरुषमाणसं जातात. बाईचं मन हळवं असतं, तिला सोसणार नाही, असं सांगतात. ज्या बाईनं सहा-सहा महिने आजाऱ्याचं अंग पुसलं, भरवलं, शेवटचं पाणी तोंडात घातलं, तिला नेमकं तिथंच का सोसणार नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

सावित्रीबाई फुल्यांनी हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. टिटवं कुणी धरायचं यावरून नातेवाइकांनी वाद घातला, कारण यशवंत हा दत्तक मुलगा. तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या. टिटवं स्वतःच्या हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. त्या काळात जे एका बाईला सोसलं, ते आज आपल्याला सोसणार नाही असं कसं म्हणायचं?

आमच्या गटातल्या काही जणी आता सवडीनं अशा जागी जातो. कुणाच्या दहाव्या-तेराव्याला नाही, असंच. सकाळची कामं उरकली की तासभर. पहिल्यांदा लोकांनी विचारलं, ‘तिकडं काय ठेवलंय?’ तिकडं काय आहे ते सांगायला सोपं नाही. एक तर तिथं कुणी हाक मारत नाही. घरात, शेतात, नळावर, बैठकीत, सगळीकडं आपल्याला कुणी तरी काही तरी मागत असतं. इथं कुणी काही मागत नाही. पांढऱ्या चाफ्याची फुलं पडलेली असतात, चिंचेवर पोपट असतात. इथली झाडं सहसा कुणी तोडत नाही, म्हणून गावातली जुनी झाडं बघायची तर इकडंच यावं लागतं. वीतभर बांधासाठी जन्मभर कोर्टात भांडलेले दोघं इथं शेजारी-शेजारी निजलेले दिसतात. मग घरून डोक्यात घेऊन आलेलं भांडण आपोआप लहान होतं.

पण नुसत्या शांततेसाठी गेलं तर अर्धंच मिळतं. दगड वाचायला शिकलं की फिरण्याला गोडी येते. आणि हे वाचायला अक्षरओळख लागत नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षरं नसतातच, चित्रं असतात.

गावाच्या मारुतीपाशी किंवा पारावर एखादा उभट कोरीव दगड असेल, तर तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते. कधी तिथं गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गावाची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना हा माणूस पडला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. त्याच्याही वर तो शंकराच्या पिंडीची पूजा करताना दिसतो. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहील, असा त्याचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर इथं असे वीरगळ आहेत, त्यांवर तर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे.

अशाच दगडांत कधी एक वेगळा दगड दिसतो. कोपरात वाकलेला, वर उचललेला एक हात. हातात बांगड्या, आणि वर चंद्र-सूर्य. ही सतीशिळा. नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईचा हा दगड. त्या बाईचं नाव सहसा नसतं, बहुतेकदा चेहराही नसतो. फक्त हात, आणि न फुटलेल्या बांगड्या. ती जळाली म्हणून तिचं सौभाग्य अखंड राहिलं, असं तो दगड सांगतो.

या दगडापुढं हात जोडायचे का, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं होतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमचं असं ठरलं, की त्या बाईसाठी जोडायचे, त्या चालीसाठी नाही. इंग्रज सरकारनं १८२९ साली बंगालमध्ये सती जाण्यावर बंदी घातली आणि १८३० साली ती आपल्या मुंबई इलाख्यातही आली. पुढं १९८७ च्या कायद्यानं सतीचा उदोउदो करणं हाही गुन्हा ठरला. म्हणून तिथं ओटी भरायची नाही, जत्रा भरवायची नाही. तिच्यापाशी थोडा वेळ बसायचं. ती कितीची असेल, तिला लेकरं होती का, कुणी तिचा हात धरून ओढलं असेल का, याचा विचार करायचा.

आणि मग आपल्या हातांकडं बघायचं. सती गेली तर बांगड्या राहिल्या, आणि मागं जगली तर बांगड्या फोडल्या. म्हणजे बांगडीचा हिशोब कायम नवऱ्याच्या जिवाशी. हा हिशोब कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मोडला. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना असंच करायला सांगितलं. त्या दगडी हातापासून हेरवाडच्या ठरावापर्यंत यायला कित्येक शतकं लागली. आपल्या गावचा ठराव झाला आहे का? झाला असेल तर तो पाळला जातो का?

बायका कशानं जातात, हेही या जागा सांगतात. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा तुमच्यातल्या कित्येकींनी सहलीत पाहिला असेल. कबर खालच्या अंगाला आहे, वरून वाकून बघायची. लोक वाकतात, फोटो काढतात आणि पुढं जातात. ती कबर दिलरास बानू बेगम हिची, औरंगजेबाच्या पत्नीची. १६५७ साली तिला मुलगा झाला आणि त्यानंतर सुमारे महिनाभरात ती गेली. तिची सासू मुमताज महल, जिच्यासाठी ताजमहाल बांधला, तीही १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात गेली. ती गेली आपल्या जळगावच्या पलीकडं, बुऱ्हाणपूरला. आग्र्याला नेण्याआधी तिला तिथंच तापीकाठी पुरलं होतं.

दारात हत्ती, हाताशी हकीम, आणि तरी सासू आणि सून दोघी बाळंतपणातच गेल्या. संगमरवर नंतर आला, वेळेवर उपचार आले नाहीत. आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ व्या दिवसापर्यंत खेपा घालतात, त्या का घालतात हे त्या कबरीपाशी उभं राहिलं की कळतं. बाळ झालं म्हणजे बाई सुटली असं नसतं. पुढच्या दीड महिन्यात ताप आला, अंगावरून जास्त गेलं, डोकं सारखं दुखायला लागलं, तर ‘होईल बरं’ म्हणून थांबायचं नाही. लगेच दवाखाना गाठायचा.

बाळंतपणाचं हे दुःख एका मराठी मुलीनं सोसलं आणि ती त्यावर उपाय शोधायला निघाली. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंध लिहिला तो बाळंतपणाच्या शास्त्रावरच. पण क्षयानं त्यांना गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडं पाठवल्या. या बाईंनी आनंदीबाईंना लेकीसारखं सांभाळलं होतं. त्यांनी त्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या आणि वर दगड उभा केला. त्या दगडावर आनंदीबाईंचं नाव आहे, पुढं डॉक्टर ही पदवी आहे, आणि शिकण्यासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी नोंद आहे. सातासमुद्रापार एका परक्या बाईनं आपल्या लेकीचं नाव दगडावर जपलं.

आता आपल्याकडं बघू. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. तिथं राजघराण्यातल्या समाध्या आहेत. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीसुद्धा समाधी लोक कौतुकानं दाखवतात. तिथंच महाराणी ताराबाईंची समाधी आहे. आणि सुमारे २९ वर्षं मोगलांच्या कैदेत काढून १७१९ साली सुटून आलेल्या येसूबाईंचीही. पण येसूबाईंची समाधी नेमकी कोणती, हे अभ्यासकांना अगदी अलीकडच्या वर्षांत शोधून काढावं लागलं. राणीची ही कथा, तर तुमच्या-आमच्या आजीची काय असेल?

आपल्या शेजाऱ्यांच्या जागाही विचारून बघाव्यात. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायली समाजाची जुनी दफनभूमी आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणायचे, ते हे लोक. त्यांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत तिथं फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि बुडालेल्यांना तिथंच पुरलं. या समाजाच्या थडग्यांवर हिब्रूच्या जोडीला मराठी अक्षरं असतात. परक्या धर्माच्या दगडावर आपली भाषा वाचली की तो माणूस परका वाटत नाही.

जायचं मनात आलं तर काही गोष्टी सांभाळा. एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा. गवत-काटा असतो, सापकिरडू असतं, पायाखाली बघून चाला. कबरस्तानात किंवा ख्रिस्ती दफनभूमीत आधी तिथल्या माणसाला विचारा आणि त्यांची रीत पाळा. कुणाचं दुःख चालू असेल तर मागं फिरा. जिला जावंसं वाटत नाही, तिला ओढू नका. नुकतंच घरातलं माणूस गेलेल्या बाईला तर मुळीच नाही, तिची वेळ तीच ठरवेल. वीरगळाला शेंदूर, ऑइलपेंट, सिमेंट लावू देऊ नका. त्यानं कोरीव काम बुजतं. कुठं असा दगड पायरीला लावला असेल, धुणं धुवायला घेतला असेल, तर ग्रामपंचायतीत सांगा आणि पुरातत्त्व विभागाला कळवायला लावा.

आणि एक काम घरी बसून करायचं. बचत गटाच्या वहीची मागची चार पानं मोकळी ठेवा. त्यात आपल्या आजीचं, पणजीचं नाव लिहा. ‘अमक्याची आई’ नको, तिचं नाव. माहेरचं आणि सासरचंही. ती कुठल्या गावची, काय काम करायची, कशानं गेली. ठाऊक नसेल तर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आजच विचारा. उद्या ती असेलच असं नाही, आणि तिच्याबरोबर दहा नावं जातील. आमच्या गटानं ही वही सुरू केली तेव्हा वीस जणींपैकी पणजीचं नाव फक्त तिघींना ठाऊक होतं. आता अकरा जणींची नावं वहीत आहेत.

आपल्यासाठी कुणी वीरगळ उभा करणार नाही. पण गुरं राखणारा मेला तर त्याचा दगड, आणि जन्मभर गुरांचं शेण-पाणी करणारी मेली तर तिचं नावही नाही, हे आता चालू द्यायचं नाही. तुमच्या वहीत कुणाकुणाची नावं आली ते आम्हाला पत्रानं कळवा. पुढच्या कार्यक्रमात ती आम्ही मोठ्यानं वाचून दाखवू.

तोवर नमस्कार.