देवळालीचा ६१७४
नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी ६१७४ हा स्थिरांक शोधला. ३५२४ घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा: ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा केलं की ८३५२, मग ६१७४. पुढे तीच संख्या येत राहते. चारही अंक सारखे नसले आणि तीन अंकी उत्तराआधी शून्य धरलं, की फार तर सात वजाबाक्या पुरतात.

कोणी म्हणेल, पाय (π) हा स्थिरांक वर्तुळातून येतो, ६१७४ हा तर दशमान पद्धतीचा खेळ. आक्षेप रास्त आहे. पण पायलाही सपाट पृष्ठभागाची अट असतेच; गोलावर काढलेल्या वर्तुळाला परीघ आणि व्यासाचं ते गुणोत्तर लागू पडत नाही. ठरलेल्या नियमात न बदलणं, एवढंच स्थिरांकाकडून मागता येतं. गणिती खेळांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांच्या १९७५ मधल्या लेखाने कापरेकर जगाला कळले, तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.