नळाजवळची पावलं



१५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुण्याचा दिवस. २००८ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी शाळेत मुलं रांगेत उभी राहतात, बाई ‘सुमन-के’ची, म्हणजे हात धुण्याच्या सहा पायऱ्यांची, कृती घेतात आणि सगळी हवेतल्या हवेत हात चोळतात. आधी तळवे, मग हातांची मागची बाजू, मुठी, अंगठे, नखं आणि शेवटी मनगट. चौथीतल्या पोराला झोपेतून उठवून विचारा, क्रम चुकायचा नाही. त्याच पोराला मधल्या सुट्टीत बघा. नळाखाली दोन बोटं धरली, झटकली, चड्डीला पुसली, झालं!

मग आपण म्हणतो, मुलांना अजून नीट समजलेलं नाही, पुन्हा शिकवा. मला वाटतं, शिकवणं पुष्कळ झालं. आता जरा नळाकडे बघू या.

साधा हिशेब करा. हात नीट धुवायला चाळीस सेकंद लागतात. नळ एक आणि मुलं तीस, म्हणजे वीस मिनिटं झाली. तेवढ्यात सुट्टी संपते, भाजी निवते आणि मागची पोरं पुढच्यांना ढकलू लागतात. दोन बोटांचं धुणं ही त्या पोराने शोधलेली तोड आहे, आणि त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर वेगळं काही केलं नसतं. म्हणूनच स्वच्छ विद्यालय अभियानात, २०१४ मध्ये, जेवणाआधी सगळ्या मुलांनी एकत्र हात धुवावेत असं सांगितलं गेलं. त्याला मोठा खर्च लागत नाही. प्लास्टिकचा एक लांब पाइप आडवा बांधायचा, त्याला ओळीने भोकं पाडायची आणि एका टोकाला पाणी सोडायचं. फिलिपिन्समधल्या शाळांत रोज असंच चालतं. आपल्या गोव्यात पेडणे, डिचोलीतल्या कित्येक प्राथमिक शाळांत मुलं इतकी थोडी आहेत की पाचसहा भोकांत काम भागेल. पटसंख्या घटते म्हणून आपण एरवी हळहळतो, इथे तिचा तेवढा तरी उपयोग.

दुसरी गोष्ट नळाच्या उंचीची. तो मोठ्या माणसाच्या मापाने बसवलेला असतो. पहिलीतलं मूल टाचा उंचावून हात वर धरतं आणि पाणी कोपरावरून बाहीत शिरतं. भिजल्या बाहीने दुपारपर्यंत वर्गात बसायचं, तेही पावसाळ्यात! एकदा असं झालं की ते मूल नळाकडे फिरकत नाही. नळाखाली चिऱ्याची एक पायरी घातली तरी हा प्रश्न सुटतो, आणि चिरा आपल्याकडे मागायला कुठे लांब जावं लागत नाही.

साबणाचं तर विचारूच नका. वडी उघड्यावर ठेवली की कावळा पळवतो. हा विनोद नव्हे, गावात राहणाऱ्या कुणालाही विचारा. कावळ्यापासून वाचली तर पावसात विरघळते. मग बाई साबण कपाटात ठेवतात, कपाटाला कुलूप लागतं आणि तपासणीच्या दिवशी वडी अगदी कोरी करकरीत निघते. यावर उपाय म्हणजे वडी जुन्या मोज्यात घालून नळाच्या गळ्याला बांधायची. किंवा बाटलीत पाणी आणि चमचाभर धुण्याची पावडर घालून झाकणाला भोक पाडायचं. दाबलं की फेस.

साबणावर एवढा भर का, तेही सांगतो. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकटाला. हातावरचे जंतू त्या तेलकट थरात अडकलेले असतात, ते नुसत्या पाण्याने पुरते निघत नाहीत. कराचीच्या गरीब वस्त्यांत साबण देऊन घरोघरी पाठपुरावा केला, त्याचे निष्कर्ष २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मुलांमधले जुलाब निम्म्यावर आले होते, आणि पाच वर्षांखालच्यांमधला न्यूमोनियासुद्धा.

आपल्याकडे एक खास अडचण आहे, ती पावाची. घरी भात-आमटीला बसताना आजी ओरडते, ‘हात धुतलेस?’ शाळेत माध्यान्ह आहाराला महिलांच्या गटाकडून पाव-भाजी येते आणि पाव हे मुलाच्या लेखी जेवण नव्हेच, ते खाणं. खाण्याला हात कोण धुतो? डिचोलीच्या खाणपट्ट्यात तर आणखी गंमत. तिथे हाताला तांबडी माती लागते ती डोळ्यांना दिसते. तांबडं गेलं की मुलाच्या मते हात स्वच्छ. शौचाला जाऊन आल्यावर हाताला काहीच दिसत नाही, मग धुवायचं कशाला? जंताची अंडी मातीतून नखांत आणि नखांतून पोटात जातात, तीही दिसत नाहीत. शाळेत जंताची गोळी देतात ती याच वाटेने आलेल्या पाहुण्यांसाठी.

या सगळ्यावर मला सर्वांत आवडलेला उपाय बांगलादेशातल्या खेड्यांतल्या दोन प्राथमिक शाळांचा. तिथे शौचाहून आल्यावर साबणाने हात धुणारी मुलं शंभरात चार होती. नळ आणि साबणाची सोय केली तेव्हा ती सदतीस झाली. मग शौचालयापासून नळापर्यंत फरसबंद वाट केली, तिच्यावर रंगीत पावलं काढली आणि नळाजवळ हातांचे ठसे. दुसऱ्या दिवशी आकडा अडुसष्ट, सहा आठवड्यांनी चौऱ्याहत्तर. आरोग्यावर एकही धडा दिला नव्हता.

यात आपल्याला परकं काही नाही. आपल्या जुन्या घरांत पडवीच्या पायरीशी पाण्याची बालदी आणि तांब्या असे. बाहेरून आलेला माणूस पाय धुऊनच वर चढे. ते त्याला कुणी पाठ करायला लावलं नव्हतं, वाटेतच पाणी होतं.

तेव्हा माझी विनंती पालक-शिक्षक संघांना आहे. पुढच्या बैठकीत फलक आणि घोषवाक्य यांवर वेळ घालवू नका. मोरजी असो, इब्रामपूर असो, मये असो की कुडणे, आपापल्या शाळेत एकदा मधल्या सुट्टीत जाऊन नळापाशी उभे राहा आणि किती मुलं साबणाला हात लावतात ते मोजा. मग चिरा, जुना मोजा आणि डबाभर ऑइल पेंट घेऊन जा. पावलं मुलांनाच काढू द्या, वाकडी आली तरी चालतील. आपल्या पावसात ती वर्षभर टिकणार नाहीत, चतुर्थीची सुट्टी संपली की पुन्हा रंगवावी लागतील.