नेमणूक करताना आपला न्याय कुठे जातो?

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मंगल दिवशी धम्मावर बोलावे ही अपेक्षा रास्तच आहे. आम्ही धम्मावरच बोलणार आहोत, पण नोकरीच्या वाटेने. कारण आपल्या वस्तीत असे एकही घर नाही, जिथे कोणी ना कोणी मुलाखतीला जाऊन हात हलवत परत आलेले नाही.

मागच्या काळात आपल्या विहाराच्या अभ्यासिकेसाठी एक माणूस नेमायचा होता. मानधन थोडेच. समितीची बैठक बसली आणि दहा मिनिटांत एक नाव पक्के झाले. समितीतल्याच एकाचा भाचा. पोरगा चांगला, घरचा, ओळखीचा. तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजी उठल्या आणि म्हणाल्या, "माह्या पोराले साहेबानं घेतलं नाही, त्याचा माणूस घेतला, तवा तुम्ही मोर्चा काढला. आता तुम्ही बी तेच करून राह्यले काय?"

बंधूंनो, बैठकीत कोणालाच उत्तर सुचले नाही. कारण उत्तर नव्हतेच.

'आपला माणूस' या दोन शब्दांनी आपल्या समाजाचे केवढे नुकसान केले, ते आठवून पाहा. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरती जॉबरच्या हाती असे. जॉबर म्हणजे मुकादम. तो आपल्या गावचा, आपल्या नात्याचा, आपल्या जातीचा माणूस लावी आणि वर दस्तुरी घेई. आणि विणखात्यात तर आपल्या माणसाला प्रवेशच नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! पगार जास्त तो त्याच खात्यात. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. अंगात कसब आहे की नाही हे कोणी तपासलेच नव्हते. दारातच निकाल लागत होता.

म्हणून भरतीचा नियम कागदावर असावा लागतो. राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 1943 मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांहून थोड्या अधिक, म्हणजे 8.33 टक्के जागा राखीव झाल्या. पुढे संविधानाच्या कलम 16 ने सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी दिली आणि राखीव जागांचा आधारही दिला. बौद्ध म्हणून नोंद केल्यास केंद्राच्या सवलती जात, ती अडचण 1990 मध्ये दूर झाली. आणखी एक गोष्ट पोरांनी पाठ करावी: 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या सभरवाल निकालानुसार आपला उमेदवार गुणांवर खुल्या जागेत निवडला गेला, तर तो राखीव जागेत मोजायचा नाही. बिंदुनामावली पाहताना हे लक्षात ठेवा.

पण हे झाले सरकारी नोकरीचे. खाजगीत काय? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी एक प्रयोग केला, तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी हजारो अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता दोन-तृतीयांशच्या आसपास निघाली. मुस्लिम नावाची त्याहून कमी. अर्ज करणाऱ्याचे तोंडही कोणी पाहिले नव्हते!

मग योग्य निवड कशी करावी? त्यासाठी आम्हाला विनयपिटकातला महावग्ग आठवतो. उपसंपदा घेणाऱ्याला संघापुढे ठरलेले प्रश्न विचारले जात. तू स्वतंत्र आहेस काय? कर्जमुक्त आहेस काय? आईवडिलांची संमती आहे काय? वीस वर्षे पूर्ण झाली काय? पात्र-चीवर आहे काय? सर्वांना तेच प्रश्न, आणि त्यांत 'तुझी जात कोणती' हा प्रश्न नाही. पुढे असे दिसले की काही उमेदवार संघापुढे लाजतात, गोंधळतात, उत्तर देऊ शकत नाहीत. तेव्हा भगवंतांनी सांगितले की, आधी त्याला बाजूला नेऊन समजावून सांगा, मग विचारा. केवढी ही करुणा! आमच्या खेड्यातला पोरगा साहेबासमोर घामाघूम होतो, तो ढ असतो म्हणून नव्हे. असे दालन, अशी खुर्ची त्याने कधी पाहिलेली नसते.

आम्ही त्याच रीतीने पुन्हा सुरुवात केली. विहाराच्या फळ्यावर सूचना लावली. सात अर्ज आले. काय विचारणार ते आधीच सांगून ठेवले. सर्वांना पाच सारखेच प्रश्न. शिवाय अर्धा तास प्रत्यक्ष काम: विस्कटलेले कपाट लावायचे आणि पुस्तके वहीत नोंदवायची. तिघांनी आपापल्या कागदावर गुण लिहिले आणि मगच तोंड उघडले. ज्यांचा भाचा होता ते बाहेर बसले.

चूक तरीही झाली. एका भगिनीला आम्ही विचारले, "घरी लहान लेकरू आहे, जमेल का?" पुरुषांना हे कोणी विचारले नव्हते. लक्षात आल्यावर त्या उत्तराचा विचार करायचा नाही असे ठरवले. निवड शेवटी त्यांचीच झाली. बोलण्यात त्या मागे होत्या, पण त्यांची वही सर्वांत नेटकी होती. नुसत्या गप्पांवर निवड केली असती, तर त्या पहिल्या फेरीतच सुटल्या असत्या. भाचा तिसरा आला. घरात नाराजी झाली, एका कुटुंबाने वर्गणीही थांबवली. पण तोच पोरगा आज अभ्यासिकेत नियमित बसतो. आपले गुण त्याने स्वतः येऊन पाहिले होते.

उपासक-उपासिकांनो, आज आपल्यातही दुकानदार आहेत, ठेकेदार आहेत, संस्थाचालक आहेत. काल आपण दाराबाहेर उभे होतो, आज काही दारांच्या किल्ल्या आपल्या हाती आहेत. काम काय ते आधी लिहा. जाहिरात सर्वांना दिसेल अशी लावा. प्रश्न सारखे ठेवा. नात्याचा माणूस असेल तर स्वतः बाजूला व्हा. आणि ज्याला नाकारले त्याला कारण सांगा, म्हणजे तो पुढच्या वेळी तयारीने येईल.

पोरांसाठी एकच विनंती. दर रविवारी वंदनेनंतर इथेच मुलाखतीचा सराव ठेवू. नोकरी करणाऱ्यांनी तासभर खुर्चीत बसावे, पोरांनी समोर बसावे. आधी बाजूला नेऊन समजावणे हे भगवंतांनी सांगितलेले काम आहे, ते आपण करू.

त्या आजींचे आभार मानून आम्ही थांबतो.

नमो बुद्धाय! जय भीम!