प्रौढ विद्यार्थी आणि व्हायोला



स्मृतिव्याख्यानासाठी एखाद्या विद्वानास पाचारण करावे असा प्रघात आहे. या वर्षी संयोजकांनी एका विद्यार्थ्यास बोलाविले आहे. तो सदुसष्ट वर्षांचा आहे, इतकेच. ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी याच इमारतीत बसलो होतो. पुढे हिशेबतपासनिसाची नोकरी केली आणि निवृत्तीनंतर, साठाव्या वर्षी, व्हायोला हाती घेतला.

व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. व्हायोलिनचे अंग साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर लांब असते, व्हायोलाचे 38 ते 43. त्याच्या तारा व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने खाली बोलतात. खरे तर इतक्या खालच्या स्वरासाठी अंग दीडपट, म्हणजे सुमारे 53 सेंटिमीटर हवे. पण एवढे वाद्य हनुवटीखाली धरणार कोण? म्हणून कारागिरांनी तडजोड केली, आणि त्या तडजोडीतूनच त्याचा किंचित झाकलेला, घोगरा आवाज जन्मास आला. दक्षिणेत डॉ. बालमुरलीकृष्ण यांच्यासारखा थोर गायक व्हायोला वाजवीत असे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील मोठ्या वाद्यवृंदांतही तो असे. ते वाद्यवृंद आटल्यावर बरीच वाद्ये पेटीत पडून राहिली. त्यांतलेच एक माझ्या पुतण्याने मला आणून दिले.

व्हायोलिन का नको, असे मला अनेकांनी विचारले. कारण अगदी साधे आहे. माझा षड्ज काळी एकचा. व्हायोलिनची सर्वांत खालची तारही त्याच्या वरच बोलते. म्हणजे जे वाजवायचे, ते स्वतःच्या गळ्यातून त्याच सप्तकात गुणगुणता येत नाही. व्हायोलाची खालची तार पांढरी एकवर असते. ती अर्ध्या स्वराने चढविली की माझा षड्ज हाती येतो. दुसरी तार तितकीच चढवावी, वरच्या दोन तितक्याच उतरवाव्या, की सा, प, सा, प अशी आपली जुळणी सिद्ध झाली. बोट स्वरावर पडले की नाही हे विचारायला मग दूर जावे लागत नाही, गळा सांगतो. ज्याने आयुष्यभर भजने आणि नाट्यपदे ऐकली, क्वचित गुणगुणली, त्या प्रौढ माणसाजवळ एवढी एकच शिदोरी असते.

पण हीच शिदोरी त्याचा छळही करते. मुलाचा कान आणि हात बरोबर वाढतात. आठ वर्षांच्या मुलाला आपला बेसूर गंधार खुपत नाही, म्हणून ते निर्धास्त वाजवीत राहते. प्रौढाचा कान पन्नास वर्षे पुढे निघून गेलेला असतो आणि हात कालचा. व्हायोलाला सतारीसारखे पडदे नाहीत. बोट केसभर सरकले तरी स्वर ढळतो. पहिले चार महिने मी केवळ मोकळ्या तारांवर गज ओढीत होतो. जाड तार सावकाश बोलते. गजाचे वजन तिच्यावर नीट पडावे लागते. घरातील माणसे सौजन्याने दार लावून घेत. बोटांपेक्षा गुडघ्यांनी अधिक त्रास दिला, हेही सांगून टाकतो. मांडी घालून, वाद्याचे टोक उजव्या पावलावर टेकवून तासभर बसणे साठीत सोपे नसते.

ज्या पहिल्या वर्गात चौकशीस गेलो, तिथे ‘या वयात कशाला?’ असा प्रश्न आला. नातवाला पाठवा, असा सल्लाही मिळाला. पुढे जे शिक्षक लाभले ते माझ्याहून सव्वीस वर्षांनी लहान. ते मला ‘काका’ म्हणतात, मी त्यांना ‘गुरुजी’ म्हणतो. दोघांनाही ते थोडे अवघड वाटते आणि दोघांनीही ते सोडलेले नाही.

‘या वयात कशाला’ हा प्रश्न निदान ग्वाल्हेरात तरी कोणी विचारू नये. पंडित भातखंडे 1884 मध्ये मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत गेले ते चोविसाव्या वर्षी. ती संस्था व्यापार-नोकरी करणाऱ्या गृहस्थांना गाणे शिकविणारी होती. पुढे माधवराव महाराजांनी आपल्या दरबारातील जाणत्या गायकांना भातखंड्यांकडे स्वरलेखन शिकावयास मुंबईस धाडले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. त्यांचा जन्म 1882 चा, म्हणजे पस्तिशीच्या घरातील, नाव कमावलेला गायक पुन्हा पाटी घेऊन बसला! त्याच विद्येच्या पायावर 1918 मध्ये आपल्या लष्करात माधव संगीत विद्यालय उभे राहिले आणि राजाभैया पुढे त्याचे प्रमुख झाले. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग मूळ मराठीत आहेत. गुरुजी आठवड्यातून दोनदा भेटतात. उरलेले पाच दिवस ती पुस्तकेच माझ्यासमोर उघडी असतात. घराण्याच्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्या गृहस्थासाठी त्या माणसाने केवढे काम करून ठेवले आहे, हे साठीनंतर कळते.

सात वर्षांत काय आले? भूप आणि यमन यांतील मध्यलयीच्या बंदिशी, बऱ्यापैकी मींड, साध्या आलापी. द्रुत ताना येत नाहीत, आणि अनामिका आता सकाळी आखडते, म्हणून त्या येतील असेही वाटत नाही. डॉक्टरांच्या मते आणखी काही वर्षे हात चालेल. मैफलीची इच्छा मला कधी नव्हती. परंतु ग्वाल्हेर गायकीत सरळ, खुल्या स्वराला जे मोल आहे, ते यमनाच्या एका दीर्घ निषादावर गज संपेपर्यंत थांबताना मला प्रथम उमगले. श्रोता म्हणून चाळीस वर्षे ऐकून ते उमगले नव्हते.

शिंदे की छावनीतील मराठी घरांतून मुले पुणे-बंगळूरला गेली आहेत. मागे उरलेल्या आम्हा मंडळींच्या संध्याकाळी लांब आहेत, आणि शाळेचे वर्ग पाचनंतर रिकामे असतात. दोन वर्ग, एक तानपुरा आणि वय न विचारणारा एक शिक्षक, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकेल. मी व्यवस्थापन समितीकडे तसा अर्ज आजच दिला आहे. पहिल्या यादीत अकरा नावे आहेत, सर्वांत लहान विद्यार्थिनी बावन्न वर्षांची.