मांजराचा मधुमेह : घरातील शुश्रूषा आणि दक्षता



मधुमेह हा केवळ माणसांचाच विकार आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नव्हे. मांजरांनाही हा विकार जडतो आणि माणसांना प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहाशी त्याचे पुष्कळ साम्य आहे. मध्यमवयीन व स्थूल मांजरांत, विशेषतः नसबंदी केलेल्या बोक्यांत, तो अधिक आढळतो. मांजर वारंवार पाणी पिऊ लागले, त्याची लघवी वाढली आणि खाणे चांगले असूनही ते वाळत चालले, तर पशुवैद्यकाकडून रक्त व लघवी तपासून घ्यावी. काही मांजरे मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालू लागतात. तेही याच विकाराचे लक्षण असू शकते.

निदान पशुवैद्यक करतात. रोजची शुश्रूषा मात्र घरच्यांच्याच हाती असते. इन्शुलिनचे इंजेक्शन बहुधा दर 12 तासांनी कातडीखाली द्यावे लागते. सुई बारीक असते व थोड्या सरावाने ते काम कोणालाही जमते. औषधाची बाटली शीतकपाटात 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. ती गोठू देऊ नये.

मापात चूक नको

मांजराला प्रारंभी बहुधा एका वेळी एक युनिट इतकीच अल्प मात्रा लागते. बाजारात मात्र एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटे आणि 100 युनिटे अशा दोन शक्तींची इन्शुलिने मिळतात व त्यांच्या सिरिंजाही निराळ्या असतात. 100 युनिटांचे इन्शुलिन 40 च्या सिरिंजेत त्याच आकड्यापर्यंत भरले, तर अडीचपट औषध अंगात जाते. घरात वडीलधाऱ्या माणसांचे इन्शुलिन असेल, तर अशी अदलाबदल सहज घडू शकते. म्हणून मांजराची बाटली व सिरिंजा वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवाव्यात.

साखर उतरल्यास

रक्तातील साखर वाढल्याने होणारी हानी बहुधा हळूहळू होते. ती फार उतरली तर काही तासांतच जीवावर बेतते. मांजर झोकांड्या देऊ लागले, निपचित पडले किंवा त्याला झटके आले, तर मध अथवा साखरेचा पाक हिरड्यांना चोळावा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये. त्यानंतर तत्काळ दवाखाना गाठावा. मांजर जेवले नसेल वा त्याला उलट्या होत असतील, तर पशुवैद्यकांना विचारल्यावाचून नेहमीची मात्रा देऊ नये. इंजेक्शन नीट गेले की नाही, अशी शंका आली तरी दुसऱ्यांदा टोचू नये.

आहार आणि नोंदवही

मांजर हा मूळचा मांसाहारी प्राणी. आपल्याकडे कौतुकाने घातला जाणारा दूध-भात मधुमेही मांजराला हितकारक नाही. त्याला प्रथिने अधिक व पिष्टमय पदार्थ कमी असा आहार हवा. परंतु हा बदलही सल्ल्यानेच करावा, कारण आहार सुधारताच इन्शुलिनची गरज घटते. वेळेवर उपचार झाल्यास काही मांजरांना पुढे इन्शुलिन लागतही नाही.

घरात एक वही ठेवावी. इंजेक्शन कोणी व केव्हा दिले, मांजर किती जेवले, पाणी किती प्याले, हे तीत रोज लिहावे. घरातील दोघांनी एकमेकांच्या नकळत दोनदा औषध देण्याचा धोका त्यामुळे टळतो आणि पशुवैद्यकांनाही मात्रा ठरविणे सुकर होते. मुक्या जीवाला आपली व्यथा सांगता येत नाही. ती त्या वहीने सांगावयाची आहे.