खाजनाचा बांध आणि गावाची मत्ता



मत्ता म्हटली की दस्तऐवज, वाटणीपत्र आणि पेढीतील ठेव डोळ्यांपुढे येते. गोमंतकातील खाजन पाहणाऱ्यास मात्र निराळा प्रश्न पडतो. मांडवी व जुवारी यांच्या खाड्यांलगतची ही शेते भरतीच्या पातळीहून सखल. पूर्वजांनी बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून सोडवून घेतली. मग येथील खरी मत्ता जमीन, की तिला राखणारा बांध? बांध फुटल्यावर मालकीचा कागद घेऊन चिखलात उभे राहण्यात काय अर्थ?

हा बांध गावकरीने सांभाळला. १५२६ च्या फोरालात पोर्तुगीजांनी तिचे रिवाज लिहून घेतले, म्हणजे संस्था त्यांच्याहून जुनी हे उघडच आहे. पुढे तिला 'कोमुनिदाद' हे नाव पडले. शेते पावणीने कसायला दिली जात. उत्पन्नातून आधी सरकारदेणे, बांधदुरुस्ती व गावखर्च भागे; उरेल त्यातून गावकारांस जण मिळे. डागडुजी आधी आणि भागीदाराचा नफा शेवटी, हा क्रम आजच्या हिशेबनिसांनीही ध्यानात घ्यावा असा आहे.

बांधातील मानस तर पाहण्यासारखी. भरतीच्या रेट्याने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात खारेपणा सोसणारे कोरगुट भात, पीक निघाल्यावर पोंयीत मासळी. त्या मासळीचीही पावणी होई.

तथापि जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. जण पुरुषवंशाने चाले; चिखलात राबणाऱ्या कुळास त्यात वाटा नसे. १९६४ चा कूळकायदा आणि कसणाऱ्यास मालक करणारी १९७६ ची दुरुस्ती ही न्यायाचीच पावले होत. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. परंतु मालकी तुकड्यातुकड्यांची झाली, आणि भरतीला तुकडे ठाऊक नसतात. खेकड्याने पाडलेले एक बीळ वेळीच बुजले नाही, तर साऱ्या खाजनात खारे पाणी शिरते. मजुरी परवडेना, मुले नोकरीस गेली, शेते पडीक राहिली. मासळीचे मोल मात्र चढले. ठेकेदाराने भरतीच्या वेळी मानशीची दारे उघडी ठेवली की मासे वाढतात आणि भात मरते. पडीक शेतात मग खारफुटी माजते.

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. पण अधिसूचना फार तर बांधकाम अडवील; बीळ बुजवायला ती येणार नाही. मानशीच्या पावणीचा पैसा बांधाच्याच खात्यावर राहावा, आणि दारे केव्हा उघडावीत हे भात लावणाऱ्याने ठरवावे. वैशाखातील अमावास्येच्या उधाणात, कंदील घेऊन बांधावर फेरी कोणी मारावयाची, याचीही पाळी त्याच सभेत लागावी.