घराचे उरलेले काम



घर पाहावे बांधून, असे वाडवडील म्हणत आले. आम्ही म्हणतो, घर पाहावे दुरुस्त करून! भिंती उभ्या राहतात. तंटा होतो तो अखेरच्या हातावर. गिलाव्याला तडे जातात, न्हाणीचे पाणी दाराकडे वाहते. ठेकेदार म्हणतो, 'काम झाले.' आपण म्हणतो, 'कुठे झाले?' 'झाले' म्हणजे काय, हे कोणी लिहूनच ठेवलेले नसते.

१९३६ साली आपल्या शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, गांधीजींसाठी घर बांधावयाचे ठरले. खर्च ५०० रुपयांवर जाऊ नये, ही अट त्यांनी आधीच घातली. आपण अटी आठवतो त्या मात्र रंगारी निघून गेल्यावर.

म्हणून कामांची यादी करावी व तीवर दोघांनी सही करावी. हप्ता काम पाहून द्यावा. न्हाणीत बादलीभर पाणी ओतून उतार पाहावा. थोडी रक्कम दोष निघेपर्यंत राखावी. पण दोष निघताच ती त्याच दिवशी द्यावी. त्यावर मजुरांच्या चुली पेटावयाच्या असतात.

इतके करूनही मिटले नाही तर? घरबांधणी ही ग्राहकाला दिलेली सेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात ठरविले. आता २०१९ च्या कायद्यान्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार नेता येते. तेथे कागद आणि पावती उपयोगी पडते.

कागद मागितला तर ठेकेदार रागावेल, अशी पुष्कळांना भीती वाटते. त्याला एवढेच सांगावे, की बाबा, याच कागदाने तुझेही पैसे बुडावयाचे नाहीत.